आडव्या घडीची सामायिक

कुसुमलताने आखलेल्या वेळापत्रकात मुंगीला शिरायलाही जागा नव्हती. केवलच्या जुन्या गणिताच्या वहीतलं पाठकोरं पान, त्यावर पट्टीने ओढलेल्या रेघा, आणि पहाटे पाचपासून पुढचा अख्खा दिवस डब्यात पापड रचावेत तसा रचलेला. पाचला उठणे. सव्वापाच ते सहा वाजून तीन मिनिटे सामायिक. मग पाणी गाळणे, दूध, चहा, दोन मुलं, एक नवरा, एक सासू. अकरापर्यंत स्वयंपाक. बारा ते साडेचार कॉलेज. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं. ते पान तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि दोन पावलं मागे सरून डोळे भरून पाहिलं.

"यात चुकायला जागाच नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

सुरेशचंदांचं जळगावच्या बाजारात भुसाराचं दुकान. माणूस शांत. त्यांनी पान वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. "यात तू जेवतेस कधी?"

कुसुमलताने पुन्हा पाहिलं. ते राहिलंच होतं.

"बसेल मध्ये कुठेतरी," ती म्हणाली.

ही सदुसष्ट सालची गोष्ट. कुसुमलता तेव्हा पस्तीस वर्षांची. धुळ्याला माहेरी असताना तिने कॉलेजचं एक वर्ष केलं होतं आणि चित्रकलेच्या दोन परीक्षाही दिल्या होत्या. दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत लग्न ठरलं आणि रंगांची पेटी ट्रंकेच्या तळाशी गेली. तिच्यावर आधी साड्या आल्या, मग बाळंतविडे, मग केवलचे तोकडे झालेले सदरे, मग चंदनची झबली. सतरा वर्षांनी पेटी वर निघाली ती एका साध्वींमुळे.

झालं असं, की त्या वर्षी चातुर्मासाला आलेल्या जैन महासतीजींना धर्मस्थानकाच्या भिंतीवर नरकाची चित्रं हवी होती. काय केलं की कुठल्या नरकात काय होतं, हे लोकांना नुसतं सांगून पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुसुमलताने पंधरा दिवस खपून सात नरक काढले. कढया, करवती, काटेरी झाडं, काही विचारू नका. ती चित्रं लागली त्या आठवड्यात गल्लीतल्या अकरा घरांनी कांदा सोडला आणि सराफाची धाकटी सून तीन रात्री दिवा लावून झोपली. महासतीजी सज्जनबाईंना म्हणाल्या, "तुमच्या सुनेचा हात चांगला आहे. शिकू द्या तिला."

सज्जनबाई म्हणजे कुसुमलताच्या सासूबाई. घरात सगळे त्यांना बाईजी म्हणत. साध्वींचा शब्द मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि सुनेला मोकळी सोडणंही नव्हतं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सुनेला समोर बसवलं.

"बीनणी, कॉलेजला जा. पण रोजची सामायिक सूर्य मावळायच्या आत झालीच पाहिजे. एक चुकली, की कॉलेज बंद. मला तपासायला यायचं नाही. मी विचारेन, तू सांगशील."

"हो, बाईजी," घुंघटातून कुसुमलता म्हणाली.

सामायिक काय असते ते इथे सांगायला हवं. दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, आसनावर एका जागी बसायचं. तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधायची, नवकार जपायचा, संसारातलं एक अक्षर बोलायचं नाही. स्त्रीने पुरुषाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. हिरवं पान, फूल, फळ, न उकळलेलं पाणी, कशालाही हात लावायचा नाही, कारण त्यात जीव असतो. जवळ एक मऊ पुंजणी ठेवायची, जागा हलक्या हाताने झाडून घ्यायला. आणि समोर ठेवायची रेतीची घडी. काचेचे दोन फुगे, मध्ये बारीक गळा. वरची रेती सगळी खाली उतरली की सामायिक पुरी. वेळ जास्त झाला तर चालतो, पण एक क्षणही आधी उठायचं नाही.

चार महिने वेळापत्रक चाललं. म्हणजे कुसुमलता चालली. कॉलेज स्टेशनच्या बाजूला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भरायचं. छताला अजून कापसाचे तंतू चिकटलेले असत आणि वारा आला की ते चित्रांच्या ओल्या रंगावर उतरत, त्यामुळे त्या कॉलेजच्या प्रत्येक आकाशात थोडे ढग असायचेच. स्थिरचित्राला केळी ठेवायचे. जळगावात दुसरं काय ठेवणार? पण घडातली केळी एकेक करून कमी होत, आणि शेवटच्या तासाला विद्यार्थी नुसत्या दांड्याचं चित्र काढत बसलेले दिसत.

वर्गात बावीस पोरं, आणि कुसुमलता. पोरं तिला ताई म्हणत. शेजारी बसायचा तो चुडामण, पहूरचा, एकोणीस वर्षांचा, हाताने फार हुशार आणि जिभेला लगाम नसलेला.

"ताई, तुमचा केवल मॅट्रिकला ना? मग अभ्यासाला कोण कोणाला उठवतं?"

"मी त्याला उठवते, आणि तो माझं खोडरबर घेऊन जातो," कुसुमलता म्हणे.

शिक्षक आले की मात्र ती घुंघट ओढून घेई. मग दोन बोटांच्या फटीतून जेवढं जग दिसेल तेवढंच कागदावर. लीलाधर सर नुकतेच नवे आलेले. त्यांनी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. हजेरीच्या वेळी मागच्या कोपऱ्यातून "हजर" असा एक बारीक आवाज येतो, एवढीच त्यांची तिच्याशी ओळख.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी पहाटेच्या पहिल्या गाडीने एरंडोलहून नणंदेच्या सासरची सात माणसं उतरली. न कळवता. सात जणांचं आंघोळीचं पाणी, सात जणांचा नाश्ता, त्यातल्या दोघांना पथ्याचं वेगळं. सव्वापाचची सामायिक सातवर गेली, सातची नऊवर. अकराला पाहुण्यांची पानं वाढताना कुसुमलताच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण एकदाही बसलेलो नाही. घरी परतून सूर्यास्ताच्या आत स्वयंपाक करायचा, म्हणजे तेव्हाही वेळ नाही. उरली ती कॉलेजातली मधली सुट्टी. एक ते दोन. अठ्ठेचाळीस मिनिटं त्यात सहज बसतात, बारा उरतातच. तिने आसन, मुहपत्ती, पुंजणी आणि घडी चित्रांच्या पिशवीत टाकली. डबा न्यायचा राहिला.

सुट्टी झाली. पोरं चहाला गेली. वर्गातली जमीन बघून कुसुमलता थबकली. सांडलेलं रंगाचं पाणी, केळ्याची सालं, सालांवर मुंग्यांची रांग. अशा जागी आसन घालायचं तरी कुठे? कोरडी, स्वच्छ जागा सगळ्या गोदामात एकच होती. समोर, खिडकीपाशी, हातभर उंचीचा एक लाकडी पाट. त्यावर मॉडेल बसतं हे तिला माहीत होतं, पण आता तर सुट्टी होती. तिने पुंजणीने पाट झाडला, आसन घातलं, मुहपत्ती बांधली, पदर कपाळावर ओढला, घडी उलटी करून समोर ठेवली आणि डोळे मिटले. एक वाजून आठ मिनिटं झाली होती.

आता त्या दिवशी दुपारी खरं मॉडेल येणार होतं. नरडाण्याचे अभिमन आबा, सत्तरीचे, पीळदार मिशांचे. त्यांना आणायला कॉलेजचा शिपाई हिलाल स्टेशनवर गेला होता. गाडी आली, आबा आले नाहीत. सर आता आपल्यावर ओरडणार या धाकाने हिलाल मागच्या दाराने परतला, आत डोकावला, तर पाटावर कोणीतरी बसलेलं. सरांनी दुसरं माणूस शोधलं वाटतं. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि तो जिन्याखाली जाऊन आडवा झाला.

दीडच्या सुमारास लीलाधर सर आले. आबांऐवजी एक बाई बसलेल्या पाहून आधी ते चमकले. मग तोंडावरची पांढरी पट्टी, कपाळावरचा पदर, खिडकीतला उजेड हे सगळं त्यांच्या नजरेत भरलं आणि त्यांनी मनातल्या मनात हिलालची पाठ थोपटली. उजेड आहे तोवर म्हणून त्यांनी सुट्टी संपायच्या आतच स्वतः घंटा वाजवली. पोरं चहा अर्धा टाकून आली. ताई पाटावर बसलेल्या पाहून त्यांनाही नवल वाटलं, पण समोर सर उभे. सरांनीच बसवलं असणार.

पावलांच्या आवाजाने कुसुमलताने डोळे उघडले. समोर बावीस बोर्ड आणि बावीस कोळसे.

बोलता येत नव्हतं. उठता येत नव्हतं. तिने घडीकडे पाहिलं. अर्ध्याहून जास्त रेती अजून वरच होती. तिने हलकेच मान हलवून नाही म्हटलं.

"बाई, हलायचं नाही," सर म्हणाले.

मग त्यांनी हजेरी घेतली. एकेक नाव होत होत शेवटाला आले. "कुसुमलता सुरेशचंद."

सरांनी मागच्या कोपऱ्याकडे कान दिला.

"कुसुमलता सुरेशचंद?"

पाटावर कुसुमलताचा जीव मुहपत्तीच्या आत नुसता तडफडला. आयुष्यात ती इतकी हजर कधीच नव्हती.

चुडामणने हात वर केला. "सर, ताई तर..."

"माहीत आहे. घरी पाहुणे, मुलं, सणवार. संसारी माणसांचं हे असंच. बस खाली." सरांनी वहीत गैरहजेरीची फुली मारली. चुडामणने पाटाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मॉडेल म्हणून बसलं की हजेरी धरत नसावेत असं समजून तो कोळसा तासू लागला.

तरीही कुसुमलताने धीर धरला. अजून पंचवीस मिनिटं. रेती उतरली की आपण शांतपणे उठायचं. तेवढ्यात सरांनी एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं, अंगठा हवेत धरला, आणि तोंडाने च् च् केलं.

"ती काच उभी फार बोचते डोळ्याला. सगळं चित्र उभंच उभं होतंय. आडवी पाहिजे."

आणि त्यांनी घडी आडवी केली.

रेती थांबली.

कुसुमलता त्या घडीकडे बघतच राहिली. अर्धी रेती या फुग्यात, अर्धी त्या फुग्यात, आणि मध्ये तिचा मोक्ष अडकलेला. तिने हळूच हात पुढे करून घडी उभी केली. चुडामण उठला, "राहू द्या ताई, मी करतो," म्हणत मदतीच्या भावनेने पुन्हा आडवी करून गेला. तिने पुन्हा उभी केली. आता पुढच्या बाकावरचा दुसरा उठला. असं तीनदा झाल्यावर सरांनी घडीच्या दोन्ही बाजूंना चिकणमातीचे गोळे लावून टाकले. घडी आता भूकंपातही उभी राहिली नसती.

भिंतीवर घड्याळ होतं, पण ते सव्वाअकरावर थांबलेलं होतं, जिनिंग बंद पडली त्या वर्षापासून.

त्यानंतर सरांना पुढे भरायच्या रंगांचा विचार सुचला. पांढऱ्या पट्टीशेजारी हिरवं काही हवं. त्यांनी केळ्यांचा अर्धवट घड आणून तिच्या गुडघ्याशी ठेवला. ती आसनासकट चार बोटं सरकली. सरांनी घड चार बोटं सरकवला. ती पुन्हा सरकली. पाटाची कड आली तेव्हा सरांनी घडाचा नाद सोडला आणि "हनुवटी जरा वर," म्हणत बोट पुढे केलं. पुरुषाचं बोट! ती अशी मागे झुकली की पाठीला खिडकीचा गज टेकला.

"वा," सर मागे हटत म्हणाले, "असंच. आता भाव आला."

पाठीला गज टेकला, आणि तिथेच घात झाला. पहाटे पाचपासून त्या पाठीला कशाचा आधार मिळाला नव्हता. खिडकीतून थंडीतलं उबदार ऊन खांद्यावर येत होतं. बावीस कोळसे कागदावर चालत होते, सुपात तांदूळ निवडताना होतो तसा बारीक, सारखा आवाज. कोणी चहा मागत नव्हतं. कोणी "आई, माझी वही" म्हणत नव्हतं. उलट एक शिकलेला माणूस दर पाच मिनिटांनी सांगत होता, बाई, काहीही करू नका. कुसुमलताने नवकार धरला. पहिली माळ पुरी केली, दुसरीचे नऊ मणी आठवतात.

ती जागी झाली तेव्हा वर्ग रिकामा होता, ऊन भिंतीवर चढलं होतं आणि समोर एकटा चुडामण कागद गुंडाळत होता.

"ताई, तुम्ही काय बसलात," तो हळू आवाजात म्हणाला. "सर म्हणाले, मुंबईतही असं मॉडेल मिळत नाही. पावणेतीन तास!"

"किती वाजले?"

"सव्वाचार होऊन गेले असतील."

कुसुमलताने घडीकडे पाहिलं. मातीच्या दोन गोळ्यांमध्ये ती निवांत पडली होती, तिच्यासारखीच. सामायिक पुरी झाली की नाही हे सांगायला जगात कोणी नव्हतं, आणि झोपेत झालेली सामायिक सामायिक नसते हे सांगायला कोणाची गरजही नव्हती. तिने चुडामणला शपथ घातली, मी कोण ते सरांना सांगायचं नाही, तू नाही आणि बाकीच्यांनीही नाही. मग मुहपत्ती पिशवीत कोंबून ती जवळजवळ पळत घरी आली.

दारात बाईजी बसलेल्या. "झाली?"

कुसुमलताने मान हलवली. होकारार्थी. ती मान पुढे दोन महिने तिला जड झाली.

तिने आपल्यापुरतं प्रायश्चित्त घेतलं. गच्चीवर वाळवणं राखायच्या निमित्ताने रोज एक जास्तीची सामायिक. म्हणजे वेळापत्रकात आणखी अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि ती झोपेतून काढावी लागली. पण मान हलवली ती हलवलीच. रोज ती ठरवी, आज बाईजींना सांगू. आणि रोज तिला ट्रंकेच्या तळाशी जाणारी रंगांची पेटी दिसे.

माघात कॉलेजचं प्रदर्शन भरलं. घरोघरी पत्रिका गेल्या. कुसुमलताचं एकच चित्र लागणार होतं, दांड्यावर उरलेल्या दोन केळ्यांचं, आणि तेही दाराच्या मागे. त्यामुळे बाईजी "मी पण येते, बघू तरी," म्हणाल्या तेव्हा तिला भीती वाटली नाही. सुरेशचंद, केवल, चंदन, सगळे टांग्यातून निघाले.

गोदामात शिरताच चंदन ओरडली, "आई, तू!"

समोरच्या भिंतीवर, झेंडूची माळ घातलेलं, चार फूट उंच चित्र. पाट, आसन, खिडकी, तोंडावर पांढरी पट्टी. चुडामणने न सांगायची शपथ पाळली होती. चित्र लावायचं नाही अशी शपथ त्याला कोणी घातलीच नव्हती.

लीलाधर सर लगबगीने पुढे आले. "या, या. हे आमचं पहिलं आलेलं चित्र. या बाई तीन तास हलल्या नाहीत बघा. पुन्हा बोलवायच्या म्हणतो, अजून जमलं नाही."

"कोण बाई?" सज्जनबाईंनी विचारलं.

"नाव नाही माहीत. आमच्या हिलालने आणल्या होत्या."

कोपऱ्यात पाणी देत असलेला हिलाल दचकला. "मी? मी नही आनी, सर. मी तं टेसनवरथून रिकामाच उनू. माले वाटनं तुम्हीच कोठून तरी आनी."

सर हिलालकडे बघत राहिले. चुडामण आपल्या चपलांकडे बघत राहिला. केवलने प्रदर्शनाची पत्रिका नाकासमोर धरली आणि ती वाचता वाचता तो थेट दाराबाहेर गेला. कुसुमलताने घुंघट गळ्यापर्यंत खाली ओढला. त्याचा उपयोग नव्हता, कारण चित्रातल्या आणि बाहेरच्या दोघींच्या अंगावर साडी एकच होती.

सज्जनबाईंनी कनवटीची चष्म्याची डबी काढली. चष्मा लावला. चित्राजवळ गेल्या, आणि दुकानात डाळ तपासावी तसं ते तपासू लागल्या.

"आसन बरोबर," त्या म्हणाल्या. "मुहपत्ती बरोबर. पुंजणी हाताशी." मग बोट खाली आलं आणि थांबलं. "घडी आडवी."

सरांनी हात पाठीमागे घेतले.

"आडव्या घडीत रेती पडते कुठे?" त्यांनी सगळ्या गोदामाला विचारलं. बोट पुन्हा वर गेलं. "आणि ही मान बघा. ही झोपलेली आहे."

"मी मुद्दाम नाही हो काढली तशी," चुडामण कळवळून म्हणाला. "तशीच होती."

"अचूक आहे," सज्जनबाई म्हणाल्या. चुडामणला त्या वर्षी मिळालेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस, पण ते घ्यावं की नाही हे त्याला कळेना.

कुसुमलता पुढे झाली. तिचा आवाज नेहमीच बारीक, आता तर मुंगीला ऐकू जाईल एवढाच उरला होता. "बाईजी, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मी मान हलवली. झाली नव्हती. तुमचा शब्द आहे, माझाही आहे. उद्यापासून मी येणार नाही कॉलेजला."

सुरेशचंदांनी खाकरून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. बाईजींनी हात वर केला तशी ते खाकरण्यावरच थांबले.

"किती वेळ झोपली होतीस?"

"दोन तास असतील."

"बसल्या बसल्या?"

"हो."

सज्जनबाई पुन्हा चित्राकडे वळल्या. बराच वेळ बघत होत्या. "सतरा वर्षांत," त्या शेवटी म्हणाल्या, "दुपारी झोपलेली बीनणी मी पहिल्यांदा बघते आहे." चष्मा नीट बसवत, "झोपेत बरी दिसते."

मग त्या सरांकडे वळल्या. "घडी आडवी कोणी केली?"

"मी," सर म्हणाले. "चित्राचा तोल..."

"म्हणजे अर्धा दोष तुमचा. अर्धा झोपेचा, तो हिचा. हिला तीन सामायिकांचा दंड, घरी. तुम्हाला काय द्यायचा ते महासतीजींना विचारून सांगते." त्यांनी चष्मा डबीत घातला. "कॉलेज चालू राहील. पण गुरुवारी मी येणार. याच पाटावर बसून दाखवते सामायिक कशी असते ती. घडी उभी राहील. बीनणी समोर बसेल, जागी."

लीलाधर सरांनी त्या वेळी पहिल्यांदा सज्जनबाईंचा चेहरा नीट पाहिला. सुरकुत्या, धारदार नाक, डोळ्यांतली जरब. सरांमधला चित्रकार भीतीपेक्षा मोठा निघाला. "बाई, मग आम्ही तुमचं चित्र काढलं तर?"

"मी बसणार. तुम्ही चित्र काढा, नाहीतर गप्प बघत बसा."

गुरुवार उजाडला. वेळापत्रकात आता सासूला टांग्यात बसवणे, आसन उचलणे, सासूला टांग्यातून उतरवणे, एवढं नवीन आलं होतं. खरं सांगायचं तर बारा ते साडेचार ही दिवसातली एकच वेळ अशी होती की कुसुमलताच्या पाठीवर बाईजींची नजर नसे. तीही आता गुरुवारपुरती संपली.

सज्जनबाई पाटावर बसल्या. गुडघ्यांमुळे त्या हल्ली पाय खाली सोडूनच सामायिक करत, म्हणून पायांखाली एक चौरंग. मुहपत्ती बांधायच्या आधी त्यांनी घडी समोर उभी केली आणि सरांकडे पाहिलं. सवयीने सरांचा हात तिकडे निघाला होता, तो अर्ध्यावरून वळला आणि स्वतःचा कान खाजवून परत आला. हिलालने सकाळीच केळी लपवून ठेवली होती. अठ्ठेचाळीस मिनिटं त्या गोदामात कोणी खोकलंही नाही.

कुसुमलताने कोळसा हातात घेतला. समोर सासू, म्हणजे घुंघट पुढे. दोन बोटांची फट. खालून सुरुवात केली, आणि तिला नवल वाटलं, हात आपोआप चालत होता. टाचेची भेग, अंगठ्याचं वळलेलं नख, घोट्यावरची फुगलेली शीर, करंगळीवरचा जुना डाग. बघावंही लागत नव्हतं. नजर वर न्यायची वेळ आली तशी ती साडीच्या काठापाशी थांबली. सतरा वर्षं तिथेच थांबत आली होती.

घडीतली रेती उतरली. सज्जनबाईंनी पाठ म्हणून सामायिक पुरी केली आणि मुहपत्ती सोडली. सर एकेक बोर्ड बघत मागच्या कोपऱ्यात आले आणि तिथेच खिळले.

"हे पाय तर जिवंत आहेत! पण वर सगळा कागद कोरा? चेहरा कुठे आहे?"

घुंघटाच्या आत काहीतरी कुजबुज झाली. चुडामणने कान दिला आणि सरांना सांगितलं, "ताई म्हणतात, चेहऱ्याशी अजून ओळख नाही."

"बघू," पाटावरून आवाज आला.

बोर्ड पुढे गेला. सज्जनबाईंनी चष्मा लावला. एकदा चित्रातले पाय पाहिले, एकदा चौरंगावरचे. कुसुमलताच्या मनात, कितीही नको म्हटलं तरी, कौतुकाची एक छोटीशी आशा उभी राहिली होती.

"माझेच आहेत," सज्जनबाई म्हणाल्या. "पण डावा उजव्यापेक्षा फिका आलाय. घरी पाय दाबतानाही तुझं असंच असतं."